गिटहब फुकट आहे म्हणून गप्प बसायचं काय?

तिसरं_गेट
काल गिटहबवरनं (कोड ठेवायची साइट ती) एकानं टाकलं, "कोड कुठं ठेवलाय ह्यानं काय फरक पडतंय, गिट (कोडचे बदल नोंदवणारं सॉफ्टवेअर) डिस्ट्रिब्युटेड हाय, प्रत्येकाकडं पूर्ण कॉपी असते, फुकट मिळालंय तर वापरा आणि गप्प बसा." डोकंच फिरलं. कोड क्लोन होतो, म्हणजे जशाच्या तसा उतरवता येतो, मान्य. खरं, इश्शू (चुका-मागण्यांच्या नोंदी), कोड तपासतानाची रिव्ह्यूतली भांडणं, हा फिक्स असाच का केला त्याची कारणं, ती कुठं क्लोन होतात? विकी तरी गिट रेपो (कोडचा संच) म्हणून खाली उतरवता येते, इश्शू मात्र एपीआयनं (प्रोग्रामनं माहिती मागायची सोय) उपसायचे आणि जेसन फाइलींचा ढीग उराशी धरून बसायचं. सोर्सफोर्ज ह्या जुन्या कोड साइटवर पण सगळे असेच निवांत होते. गिम्प ह्या फोटो-एडिटिंग सॉफ्टवेअरवाले तिथनं सोडून गेले तरी सोर्सफोर्जनं 2015 ला त्यांच्याच नावाच्या पानावर जाहिराती चिकटवलेला इन्स्टॉलर ठेवला. त्याच वर्षी गूगल कोड ह्या तसल्याच साइटनं दुकान बंद करतो म्हणून सांगितलं. बिटबकेट ह्या आणखी एका साइटनं 2020 ला मर्क्युरियलचे (गिटसारखंच दुसरं सॉफ्टवेअर) रेपो काढून टाकले. आणि 2018 ला मायक्रोसॉफ्टनं गिटहब विकत घ्यायला साडेसात अब्ज डॉलर काय आपल्यावरच्या प्रेमापोटी मोजले?

वडगाव_माग
मग चालव की सर्व्हर, कोण नको म्हणालाय? मी चालवलाय. जुन्या पीसीवर गिटी (आपल्याच मशीनवर चालवायचं गिटहबसारखं सॉफ्टवेअर) टाकलं, पावसाळ्यात लाईट गेली की यूपीएस कुईकुई करायचा आणि घरचे माझ्याकडं बघायचे. रात्री बॉट येऊन खोटी अकाउंटं उघडायचे, सकाळी मी ती पुसत बसायचो. माणूस मात्र एक आला नाही, "नवीन अकाउंट कोण काढणार" म्हणून. तत्त्व सांगायला सोपं हाय.

तिसरं_गेट
जीनोम, डेबियन, केडीई हे मोठे ओपन सोर्स प्रोजेक्ट स्वतःचं गिटलॅब (तसलंच सॉफ्टवेअर) चालवालेत की.

वडगाव_माग
त्यांच्या मागं फाउंडेशन हाय. आपल्या मागं कोण, मारुती गल्लीतला मारुती?

उद्यमबाग_नाईटशिफ्ट
ते राहूदे ओ. पुण्यात इंटरव्ह्यूला गेलो तर पहिला प्रश्न, गिटहबची लिंक द्या. आमचं सगळं काम कंपनीच्या आतल्या सर्व्हरवर, बाहेर दाखवायला शून्य. गिटहब प्रोफाइलवर रोजच्या कामाचे हिरवे चौकोन दिसले नाहीत म्हणून त्यानं तोंड असं केलं जसं मी इतकी वर्षं झोपाच काढल्या. ह्यावर बोला की कोणतरी.

खानापूर_मॅडम
बोलते. माझ्या वर्गातली पोरं रोज रीडमी फाइलीत एक स्पेस घालतात नि कमिट (बदलाची नोंद) मारतात, चौकोन हिरवा राहावा म्हणून. हॅक्टोबरफेस्टला (ऑक्टोबरात ओपन सोर्समध्ये भर घाला नि टी-शर्ट मिळवा, असा उपक्रम) 2020 मध्ये टी-शर्टपायी लोकांनी असल्या पुल रिक्वेस्टींचा (माझा बदल घ्या म्हणून विनंती) इतका चिखल केला की आयोजकांना मध्येच नियम बदलून, ज्या प्रोजेक्टना भाग घ्यायचाय त्यांनी स्वतः होऊन सांगा असं करावं लागलं. आणि त्यात आपली भारतातली पोरं पुढं होती, लाज वाटते सांगायला.

उद्यमबाग_नाईटशिफ्ट
मॅडम, पोरांना कशाला बोलता? कॉलेजनं प्लेसमेंटसाठी लिंक कंपल्सरी केली तर पोरगं काय करणार? बेळगावात नोकऱ्या असत्या तर कोण मारायला गेला असता चौकोन.

खानापूर_मॅडम
नियम मी केला नाही. आणि कॉलेजला विचारायची हिंमत तुम्हीही विद्यार्थी असताना दाखवली नसणार.

उद्यमबाग_नाईटशिफ्ट
पर्सनल जाऊ नका. आमच्या बॅचला लॅबमध्ये नेटच चालायचं नाही, हिंमत कुठली.

वडगाव_माग
तुमचं भांडण झालं की सांगा, चहा घेऊन येतो.

तिसरं_गेट
झालं, धागा पळवला. खरं माझा मुद्दा हाच की! नोकरी, ओळख, इश्शू, सगळं एकाच कंपनीच्या दावणीला. 2019 ला अमेरिकेच्या निर्बंधांमुळं इराणमधल्या लोकांचे गिटहबवरचे प्रायव्हेट रेपो बंद झाले, 2021 ला परवानगी मिळेपर्यंत ते लटकले. त्यांच्या हिरव्या चौकोनांचं काय झालं असेल?

निपाणी_बायपास
अमेरिका कशाला? 2014 च्या शेवटी आपल्याच सरकारनं 32 यूआरएल बंद करायला लावले, त्यात गिटहबचं गिस्ट (कोडचे छोटे तुकडे ठेवायची जागा) पण होतं. कोडबर्ग बघा, गिटहबसारखीच कोड ठेवायची साइट, बर्लिनची ना-नफा संस्था हाय, देणग्यांवर चालते. झिग ह्या प्रोग्रामिंग भाषेवाले 2025 ला तिकडंच गेले.

वडगाव_माग
देणगी तू किती दिलीस?

निपाणी_बायपास
देणार हाय.

वडगाव_माग
बघा!

तिसरं_गेट
बरं, घर सोड म्हणत नाही. गिटमधल्या ओरिजिनला दोन पुश यूआरएल (कोड वर पाठवायचे पत्ते) लाव, एक गिटहब, एक कोडबर्ग. एकदा सेट केलं की एकाच पुशला दोन्हीकडं जातंय. इश्शू महिन्यातनं एकदा स्क्रिप्टनं खाली ओढ. एवढं तर जमेल?

वडगाव_माग
लावतो बाबा, तुझं समाधान होऊदे. खरं कोडबर्गवर कोण इश्शू टाकला तर उत्तर तूच द्यायचं, मी एकच इनबॉक्स बघतो.

उद्यमबाग_नाईटशिफ्ट
कोडबर्गची लिंक एचआरला चालते काय?