24 साधे माग विकून रॅपिअर घ्यावेत का? (इचलकरंजी)

विणकर_तिसरी_पिढी
नमस्कार मंडळी. इचलकरंजीत आमचे 24 साधे यंत्रमाग आहेत, म्हणजे आडवं सूत धोट्याने फेकणारे, आजोबांनी चार मागांवर सुरू केलं, वडिलांनी वाढवलं. सगळं खर्चीवाल्याचं काम, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं आणि आम्हाला पिकावर, म्हणजे आडव्या सुताच्या दर फेरीवर, मजुरी. मी टेक्स्टाइलचा डिप्लोमा करून आता पूर्णवेळ शेडवर असतो. आमचा माग मिनिटाला जेमतेम 120 पिक मारतो, सेकंडहँड रॅपिअर (धोट्याऐवजी पट्टीने सूत ओढणारा माग) 380 मारतो, म्हणून मला वाटतं सगळे माग भंगारात घालून कर्जावर 6 रॅपिअर बसवावेत. वडील म्हणतात माग जुने असले तरी त्यांच्यावर कुणाचा रुपया देणं नाही. त्यांना दुखवायचं नाहीये पण गल्लीतली शेडं एकेक करून बंद होताना बघवत नाही. ज्यांनी हा बदल केलाय त्यांनी प्लीज सांगा.

धोटा_सोडलेला
भावा आधी वही घे आणि हिशोब मांड. इंचाला 50 पिकाच्या कापडाला मीटरला साधारण 1970 पिक लागतात. 120 चा माग 80 टक्के चालला तर तासाला तीन मीटरच्या आतच, म्हणजे 24 मागांचे झाले 70 मीटर. 380 चा रॅपिअर 85 टक्के चालला तर पावणेदहा, सहाचे 59. म्हणजे कर्ज काढून तुझे मीटर कमीच होणार! फायदा दुसरीकडे आहे, चोवीस मागांना पाळीला चार कामगार लागत असतील तर सहा रॅपिअर एकजण बघतो, पन्हा मोठा मिळतो, डाग आणि तुटी कमी, त्यामुळे मजुरीचा दर वेगळा. पण ते 85 टक्के सुतावर आणि सायझिंगवर (सुताला खळ लावण्यावर) आहेत. व्यापाऱ्याने हलकं सूत दिलं की रॅपिअर साध्या मागापेक्षा जास्त वेळ उभा राहतो, हे आम्ही पहिल्या वर्षी भोगलंय. मशीन बघायला जायच्या आधी चांगलं सूत देणारी पार्टी शोध.

हिशोबवाली_ताई
मी एका शेडचे अकाउंट्स बघते. हप्ता तारखेला जातो आणि मजुरी तीन तीन महिन्यांनी येते, शेडं इथेच बसतात. उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) नसेल तर आजच करून घे, फुकट आहे. मायक्रो किंवा स्मॉल युनिटचं पेमेंट लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत द्यायचं असतं. आयकराचं 43बी(एच) कलम आल्यापासून, म्हणजे 2023-24 पासून, व्यापाऱ्याने मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्याला त्या वर्षी धरता येत नाही, ज्या वर्षी प्रत्यक्ष देईल तेव्हाच. म्हणून मार्चमध्ये फोन उचलतात. उशिरा पेमेंटची सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रारही करता येते पण त्यानंतर ती पार्टी परत काम देईल असं नाही. आणि कोण वेळेवर पैसे देतो, कोण मजुरी देताना मीटर कमी धरतो, हे तुझ्या बाबांना तोंडपाठ असणार. ते आधी लिहून घे, ही माहिती कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये मिळणार नाही.

जुना_जॉबर
पोरा, सगळे माग भंगारात घालू नकोस. धोट्याच्या मागावर किनार आपोआप पक्की बांधली जाते, रॅपिअरवर बाणा (आडवं सूत) कापला जातो, कडेला सूत वाया जातं. धोतरासारख्या मालाला अजून धोट्याचीच किनार लागते. केंद्र सरकारच्या पॉवरटेक्स योजनेत जुन्या मागांना वार्प स्टॉप, वेफ्ट स्टॉप बसवत होते, म्हणजे तार तुटली की माग आपोआप थांबतो. तुझ्या चांगल्या आठ दहा मागांना हे स्वतःच्या खर्चाने बसवलं तरी कापड सुधारतं. 1904 ला विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला तेव्हा हातमागवाल्यांच्या घरात हाच वाद झाला असणार. आणखी एक, रॅपिअरचं इलेक्ट्रॉनिक कार्ड उडालं तर आम्ही जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, काही करू शकत नाही, इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस लागतो आणि तो येईपर्यंत मशीन बंद. तू डिप्लोमावाला आहेस, ते काम तू स्वतः शिक.

विणकर_तिसरी_पिढी
काका, ताई, मनापासून धन्यवाद. मीटरचा हिशोब मी असा कधी केलाच नव्हता, रात्री वडिलांना दाखवला तर त्यांनी स्वतःहून पार्ट्यांची नावं सांगायला घेतली. आता विचार असा आहे की दहा माग ठेवायचे, बाकी विकून दोनच रॅपिअर, आणि मजुरीचा करार लेखी. दोन मशीनसाठी वेगळं ह्युमिडिफिकेशन (शेडात दमटपणा ठेवायची यंत्रणा) लागेल की साध्या फवाऱ्यावर भागेल? कुणी बसवलंय का?