जुन्या स्टीलच्या रोडबाइकला नवी चाकं आणि गिअर: करावं का?

घाटवेडा: मामाने इंग्लंडहून आणलेली १९८२ची रोडबाइक सध्या माझ्याकडे आहे. रेनॉल्ड्स ५३१ या स्टीलच्या नळ्या, २७ इंची चाकं, मागे सहा गिअर. सपाटीला सुसाट, सिंहगडावर मात्र जीव काढते. सगळ्यात हलका गिअर पुढे ४२ दात, मागे २४. मिनिटाला ६० पेडल मारायचे तर ताशी साडेतेरा किलोमीटरने चढावं लागतं! आजच्या ७००सी मापाची चाकं आणि ११-३२ कॅसेट (मागच्या दातचक्रांचा ११ ते ३२ दातांचा संच) टाकायचं ठरवलंय. ‘वारसा बिघडवतोयस’ म्हणणाऱ्यांनी ती भिंतीला टांगायला सांगितलीय. नाही टांगणार.

डबलसीट: तीव्र असहमत. तुमच्या फ्रेमला मागच्या चाकासाठी १२६ मिमी जागा, नवं हब (चाकाचा मधला भाग) १३० मिमीचं. फ्रेम फाकवणार? त्याच जागेत सात गिअरचं १४-२८ फ्रीव्हील (हबवर आट्यांनी बसणारा जुन्या पद्धतीचा दातचक्रांचा संच) बसतं. ते लावा आणि गप सिंहगड चढा.

घाटवेडा: स्टील आहे हो. दोन्ही बाजूंना दोन-दोन मिमी. ॲल्युमिनियम किंवा कार्बन असती तर हातही लावला नसता.

खडकवासलेकर: फाकवा, पण दोरा लावून. स्टील परत मिटतं, त्यामुळे चार मिमीपेक्षा बरंच जास्त ताणावं लागतं आणि बहुधा एकच बाजू जास्त वाकते. एका ड्रॉपआउटपासून (ॲक्सल बसतो ती खाच) दोरा हेडट्यूबला (हँडलखालची नळी) वळसा देऊन दुसऱ्या ड्रॉपआउटला बांधा. दोरा आणि सीटट्यूब (सीटखालची नळी) यांमधलं अंतर दोन्हीकडे सारखं भरलं पाहिजे. मग डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ज्याला टांगलेला असतो तो हँगर सरळ करून घ्या, नाहीतर मोठ्या दातचक्रावर डिरेलर थेट स्पोक्समध्ये. आणि हो, ७००सीची रिम ४ मिमी खाली येते. ब्रेकचे रबर तेवढे खाली सरकतात का, हे चाकं घेण्याआधी बघा.

डबलसीट: बघा, उपद्व्याप वाढत चाललाय.

चाकजोड: फ्रीव्हीलचं कौतुक पुरे. त्यात उजवं बेअरिंग फार आत राहतं, बाहेरचा ॲक्सल अधांतरी. खड्ड्यात वाकतो. कॅसेटच्या हबमध्ये बेअरिंग पार टोकाला असतं. शिवाय २७ इंची टायरसाठी दरवेळी वणवण.

तेलकट: सगळे मागेच बघताय. क्रँकच्या (पेडलचा दांडा) पाच बोल्टांचं वर्तुळ मोजलंय का? १४४ मिमी असेल तर ४१ दातांहून लहान चेनरिंग (पुढचं दातचक्र) बसतच नाही. ३४चं हवं तर क्रँकही बदला. ३२च्या कॅसेटला डिरेलर लांब पिंजऱ्याचा (चेन ताणून धरणारा भाग) लागेल, ते वेगळंच.

घाटवेडा: मोजलं. १४४च. पण क्रँक राहू दे, देखणा आहे. ४२ला ३२ धरलं तर त्याच ६० पेडलना वेग ताशी १० पडतो.

डबलसीट: म्हणजे फ्रेम फाकवून, चाकं आणि डिरेलर बदलून साडेतेराचे १०. माझ्या फ्रीव्हीलने साडेअकरा होतात, फ्रेमला हात न लावता.