काळ्या रानातलं घर, उत्तरेचं दार : पुढे लॉन करावं का?

प्रश्न

नमस्कार मंडळी. फलटणजवळ गावाबाहेर आमचं घर होत आलंय. प्लॉट काळ्या रानातला. दार उत्तरेला, पुढे ३० बाय २० फूट मोकळं, मागे दक्षिणेला ३० बाय १५. घर दोन मजली, साधारण २२ फूट उंच. बोअर आहे, पण पाणी जड आणि एप्रिल लागला की अर्धा तासच चालते.

कॉन्ट्रॅक्टरने प्लॅन दिलाय : पुढे सगळीकडे कार्पेट लॉन, मधून पायवाट, कडेने फॉक्सटेल पाम, कंपाउंडलगत कोनोकार्पस या विदेशी झाडांची रांग. मागे पूर्ण पेव्हिंग ब्लॉक. चित्रात छान दिसतं. पण सासूबाईंना वाळवणाला जागा हवी, तुळशीवृंदावन हवं आणि पूजेपुरती फुलं हवीत. मुलांना खेळायला जागा पाहिजे. मला भाजीचे वाफे, लिंबू, कढीपत्ता. हे सगळं एवढ्यात बसेल का? आणि वाफे पुढे करायचे की मागे? पुढच्या महिन्यात काम सुरू करायचंय, म्हणून घाई.

प्रतिसाद १

ताई, मी बारामतीकडे रोपवाटिका चालवतो. आपल्या भागातल्या बऱ्याच अंगणांना रोपं माझ्याकडूनच जातात, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. चित्र बाजूला ठेवा आणि आधी घराची सावली बघा.

तुमचं अंगण घराच्या उत्तरेला आहे. आपल्याकडे डिसेंबरअखेर भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेकडे इतका कललेला असतो की २२ फुटी घराची सावली उत्तरेला १९-२० फूट पडते. म्हणजे अख्खं पुढचं अंगण. मेच्या मध्यावर उलटं, सूर्य थेट माथ्यावर, शून्य सावली. त्यामुळे पुढच्या लॉनला थंडीत ऊन मिळणार नाही आणि पाणी सर्वांत कमी असेल तेव्हा ते रखरखीत उन्हात सापडेल. सध्या जानेवारी आहे, तपासून बघायला याहून चांगली वेळ नाही. दुपारी साडेबाराला सावलीच्या कडेने चुन्याची रेघ मारा आणि पायरीपासून मोजा.

आता पाणी. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात आपल्याकडे गवताला रोज निदान पाच मिलिमीटर लागतं. ६०० चौरस फूट म्हणजे ५६ चौरस मीटर, म्हणजे रोज २८० लिटर. मार्च ते मे मिळून २५ हजार लिटरच्या वर गेलं. अर्धा तास चालणाऱ्या बोअरला हे ओझं देऊ नका. आणि ते पाणी जड असेल तर काळ्या मातीत क्षार साठत जातात, ते वेगळंच.

म्हणून माझं सांगणं : भाजी मागे, दक्षिणेला. मेथी, पालक, कोथिंबीर, टोमॅटो, वांगी हे सगळं ऑक्टोबर ते फेब्रुवारीत जोमात येतं आणि तेव्हा तिथे दिवसभर ऊन असेल. मागचं कंपाउंड पाच फुटी असेल तर त्याला लागून साडेचार फुटांच्या पट्ट्यात थंडीत सावली राहते. तिथे अळू, पुदिना लावा. वाफे त्याच्या अलीकडे. मागे सगळीकडे पेव्हर घातले तर ही सोन्यासारखी जागा वाया जाईल.

पुढे अंगण मोकळंच ठेवा. नुसता मुरूम काळ्या मातीवर टाकला तर दोन-तीन पावसाळ्यांत गायब होतो. खाली दगडांचं सोलिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचा थर, वर मुरूम, पाणी मारून रोलर. मुलं त्यावर सायकल चालवतील. पायरीसमोर वृंदावन. सासूबाईंच्या फुलांसाठी तगर, जास्वंद आणि पारिजातक पुढच्या टोकाला, म्हणजे थंडीतही ऊन लवकर पोचेल.

झाड एकच, पण जागेवर हवं. मे-जूनमध्ये सूर्य वायव्येकडे मावळतो, त्यामुळे संध्याकाळचं ऊन तुमच्या दारावर आणि पुढच्या भिंतीवर तिरकं येणार. वायव्येच्या कोपऱ्यात कडुनिंब किंवा करंज लावा. बहावा सगळ्यांना हवा असतो, मलाही फार आवडतो, पण तो एप्रिल-मेमध्ये पानं गाळून फुलतो. नेमकी गरज असते तेव्हा सावली देत नाही. घरापासून पंधरा फूट, कंपाउंडपासून चार-पाच फूट धरा. कोनोकार्पस मुळीच नको. त्याची मुळं ड्रेनेज आणि पाइपात शिरतात. गुजरातने २०२३ मध्ये तो लावायला बंदी घातली आहे. कुंपणाला अडुळसा किंवा कण्हेर चालते, पण लहान मुलं असतील तर कण्हेर टाळा, ती विषारी आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचं, प्लिंथ, म्हणजे घराचं जोतं. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात रानात काठी आत जाईल एवढ्या भेगा पडतात, तीच माती तुमच्या भिंतीखाली आहे. घराभोवती तीन फूट फरशी किंवा कोबा करा, बाहेरच्या बाजूला दीड-दोन इंच उतार द्या. भिंतीला टेकून फुलझाडांचे वाफे नकोत, तिथे रोज पाणी पडलं तर भिंतीला तडे जातात.

प्रतिसाद २

लातूरहून. सासूबाईंच्या वाळवणाबद्दल लिहिते, ते काम मी दरवर्षी करते. पेव्हरवर वाळवण घालू नका. फटीतली वाळू वाऱ्याने उडते आणि कुरडयांत कचकच लागते. मागे, वाफ्यांच्या शेजारी दहा बाय आठचा शहाबादी फरशीचा ओटा बांधून घ्या. गुडघ्याएवढा उंच केला तर वाकावं लागत नाही. शेजारी नळ ठेवा, सकाळी धुऊन घेता येतो. वर झाड नको, पाखरांचा त्रास. थंडीत त्याच ओट्यावर बसून भाजी निवडता येते, आमच्याकडे सगळ्यांची बसायची जागा तीच झालीये.

न्हाणीचं आणि वॉशिंग मशीनचं पाणी मी केळीला सोडते, तेही जमेल तुम्हाला.

प्रतिसाद १ (पुन्हा)

ओट्याची सूचना अगदी योग्य. ताई, न्हाणीचं पाणी केळीला, कर्दळीला जरूर सोडा. मशीनचं मात्र काळ्या मातीत नको. पावडरमधल्या सोडियमने माती चिकट होते, पाणी मुरत नाही, वर कडक पापडी धरते. लातूरच्या ताई, तुमच्याकडे मुरमाड जमीन असेल तर इतकं जाणवत नसेल.

मूळ प्रश्नकर्ती

काल साडेबाराला रेघ मारली. पायरीपासून जवळजवळ अठरा फूट! कंपाउंडच्या आत दोनच फूट ऊन. सासूबाई म्हणाल्या, "हे आधी का नाही कुणी बघितलं?" लॉन रद्द. ओटा त्यांना फार आवडला.

दोन गोष्टी राहिल्या. पुढे पाया खणतानाची माती, खडी, सिमेंटचा राडा पडलाय, त्यावरच भर टाकू का? आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, छतावरचं पाणी गटाराला जोडतो.

प्रतिसाद १

राडा आधी उचलून न्यायला लावा. सिमेंट आणि चुनखडी खाली राहिली की लिंबाची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लिंबू मागे लावा, कढीपत्त्याजवळ. खड्डे एप्रिलमध्ये घ्या, दोन बाय दोन बाय दोन फूट, महिनाभर उन्हात तापू द्या. भरताना तीच माती, शेणखत आणि निंबोळी पेंड. पूर्ण लाल माती भरू नका, काळ्या रानात त्या खड्ड्याचं डबकं होतं. जमिनीपेक्षा सहा इंच उंच भरा. लागवड चांगला पाऊस झाल्यावर.

छताचं पाणी गटाराला अजिबात जाऊ देऊ नका. तुमचा स्लॅब ११०० चौरस फुटांच्या आसपास असेल. आपल्याकडे पाऊस पाचशे मिलिमीटर धरला आणि वीस टक्के वाया गेला तरी ४० हजार लिटर हाती येतं. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायला वेगळा व्हॉल्व्ह, मग जाळी, मग टाकी. टाकी भरली की उरलेलं पाणी बोअरजवळच्या शोषखड्ड्यात, पण तो घरापासून लांब हवा. काळी माती पाणी मुरू देत नाही, म्हणून खालचा मुरूम लागेपर्यंत खणायला सांगा. झाडांना ठिबक करा, लिंबाला चार लिटरचे दोन ड्रिपर पुरतात सुरुवातीला.

पाइप मुरूम दाबायच्या आधी टाकून घ्या, नाहीतर रोलर फिरवलेलं अंगण परत उकरावं लागेल.