मदत हवी आहे : अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घरी प्रभुभोजन

जय ख्रिस्त. आम्ही मिरजेचे, मंडळी (चर्च) सीएनआयची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट पंथाची. सासूबाईंचं मांडीचं हाड मोडलं, तेव्हापासून त्या अंथरुणावरच आहेत. देवळात जाणं बंद झालंय आणि त्यांचा जीव प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीत, अडकलाय. मुलांना मोबाईलवर उपासना लावून द्यायला सांगतात, पण भाकर आणि द्राक्षारसाची वेळ आली की गप्प होतात.

पाळकसाहेबांना निरोप दिला होता, "येतो" म्हणाले, अजून आले नाहीत. आजूबाजूच्या गावांतल्या मंडळ्याही त्यांच्याच गळ्यात आहेत, हे मान्य. पण नाताळाच्या वर्गणीला घर सापडतं, आजाऱ्याला सापडत नाही, असं कसं? बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या ५ व्या अध्यायात दुखणेकऱ्याने मंडळीच्या वडिलांना (एल्डर, म्हणजे जबाबदार वडीलधाऱ्यांना) बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असं स्पष्ट लिहिलंय.

आमच्या कॅथलिक शेजारीणबाई सांगतात, त्यांच्याकडे नेमून दिलेले सामान्य भाविकही आजाऱ्यांच्या घरी कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजनच, नेतात. आपल्याकडे मंडळीतले वडील असं आणू शकतात का, की अभिषिक्त पाळकच लागतात? शेजारच्या मंडळीच्या पाळकांना बोलवलं तर आमच्या पाळकांचा मान दुखावेल का? आणि विषय आधी पास्टोरेट कमिटीत (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीत) काढावा की थेट बिशपसाहेबांना पत्र लिहावं? भांडण नकोय, सासूबाईंना तर पाळकांविरुद्ध एक शब्द चालत नाही.

सांगली-मिरज भागात कुणी घरी अशी सोय करून घेतली असेल तर कशी, ते कृपया सांगा.