कॉलेज बंद, तरी रात्री मीटर पळतोय

प्रश्न : सांगलीत एका कॉलेजात 19 वर्षं वायरमन आहे. साहेब म्हणाले, वीज कुठं जाते ते मोजून दाखवा. परवा रात्री अकराला आणि पहाटे पाचला रीडिंग घेतलं. हॉस्टेल नाही, वर्ग बंद, तरी 54 युनिट! ताशी 9. सुरुवात कुठनं करू?

उत्तर : दादा, एकेक फीडरला (पॅनलमधून निघणाऱ्या मुख्य लाइनला) क्लॅम्प मीटर लावा, वायर न तोडता करंट मोजतो तो. वॉटर कूलर, सर्व्हरचा एसी, लॅबचे यूपीएस आधी बघा. आमच्याकडं कराडला टाकीचा फ्लोट बिघडलेला, पंप रात्रभर चालू!

उत्तर : जुना पंखा 75 वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा) 30च्या आसपास. रोज 8 तास, वर्षाला 200 दिवस धरले तर पंख्यामागे 72 युनिट वाचतात. सेमिनार हॉलात नको, तो रोज वापरात नसतो; वर्गांत लावा. आणि एचटी (उच्चदाब) कनेक्शन असेल तर 2020 पासून बिल केव्हीएएचवर, म्हणजे कामाला न येणारी वीजही धरून येतं; ती कमी करणारे कपॅसिटर तपासा.

प्रश्नकर्ता : तपासले. तीन फुगलेत, पॅनलमध्ये पालीची अंडी! कूलर मात्र सहाच्या सहा रात्रभर पाणी गार करत बसलेले, प्यायला कुणी नाही. टायमर लावतोय. शिपाईमामा आत्ताच कुरकुरतायत, सकाळी सातला गार पाणी मिळणार नाही म्हणून.