हॉलमधला छोटा गेमिंग पीसी: भाग बदलण्याची सोय पैसे वसूल करते का?

घोडबंदरकर

मावसभावाने ठाण्यात कासारवडवलीला फ्लॅट घेतला. हॉलमध्ये ५५ इंची टीव्ही लागला आणि नववीतल्या पुतण्याने गेमिंगचा हट्ट धरला. भावाचा मला फोन आला, "कन्सोल घेऊ की तुझ्यासारखा छोटा पीसी?" मी पीसी म्हणालो, वहिनी कन्सोल म्हणाल्या, आणि गाडी तिथेच अडली. म्हणून इथे विचारतोय.

माझं मत सांगतो. टीव्हीखाली ठेवायचा छोटा पीसी पैसे वसूल करतो, पण एका अटीवर. त्याचा प्रत्येक भाग उद्या दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा घेता आला पाहिजे. मिनी-आयटीएक्स मापाचा छोटा मदरबोर्ड, एसएफएक्स मापाचा छोटा पॉवर सप्लाय, दोन पंख्यांचं साधं ग्राफिक्स कार्ड. खोक्यावर मोठ्या अक्षरात 'मॉड्युलर' छापलेलं आणि भाग मात्र त्याच कंपनीच्या खाचेत बसणारे, असलं काही घेऊ नये.

हे मला ठेच लागून कळलं. २०१६ मध्ये एक तयार छोटा पीसी घेतला होता. त्याचा पॉवर सप्लाय कंपनीच्या स्वतःच्या आकाराचा होता. तिसऱ्या पावसाळ्यात तो गेला. बाकी मशीन ठणठणीत. सर्व्हिस सेंटरने दोन महिने झुलवलं आणि शेवटी सांगितलं की तो भाग आता येत नाही. एका भागापायी अख्खा पीसी माळ्यावर गेला, याचा राग मला अजून आहे.

२०१९ मध्ये स्वतः जोडला. १७० मिलिमीटर चौरस बोर्ड, म्हणजे नाश्त्याच्या ताटलीएवढा. रायझन ५ २६०० प्रोसेसर, जीटीएक्स १६६० ग्राफिक्स कार्ड, ४५० वॉटचा सप्लाय. ७२ हजार लागले. २०२२ च्या शेवटी १३ हजारांत फक्त प्रोसेसर बदलून ५६०० टाकला. त्यासाठी जुना प्रोसेसर बसलेला असतानाच पेन ड्राइव्हवरून बायोस (बोर्डातला मूळ प्रोग्राम) अपडेट करावा लागतो, नाहीतर नव्या प्रोसेसरला बोर्ड ओळखच देत नाही. मग मशीन थोडा वेळ चालवून गरम करायचं आणि कूलर डावी-उजवीकडे हलका फिरवत सोडवायचा. सरळ वर ओढला तर दोघांमधल्या वाळलेल्या थर्मल पेस्टला चिकटून प्रोसेसरही पिनांसकट उपटून येतो. २०२४ मध्ये २९ हजारांचं आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड आलं. जुनं कार्ड १२० वॉट खायचं, हे ११५, त्यामुळे सप्लायला हात लावावा लागला नाही. जुने भाग विकून १४ हजार सुटले. आजवरचा निव्वळ खर्च बरोब्बर एक लाख.

नेरुळची ताई

दादा, हिशेब प्रामाणिक आहे, पण तो तुमच्याच विरुद्ध जातो. सोनीचा पीएस ५ कन्सोल भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला तेव्हा ४९,९९० रुपयांना होता. आम्ही त्याच वर्षी घेतला. तो आजही त्याच्यासाठी येणारा प्रत्येक नवा गेम चालवतो आणि त्याला हात म्हणून लावावा लागला नाही. तुमच्या निम्म्यात काम झालं.

दुसरं म्हणजे हॉल एकट्याचा नसतो. आमच्याकडे सात वाजले की टीव्ही सासूबाईंचा. कन्सोलच्या कंट्रोलरचं बटण दाबलं की टीव्ही आपोआप चालू होतो आणि बरोबर इनपुटवर येतो. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक ग्राफिक्स कार्डांना ही सोय नाही. माझ्या दिराकडे हॉलमध्ये पीसी आहे. गणपतीत घर माणसांनी भरलेलं, मुलं कंट्रोलर घेऊन बसलेली, आणि टीव्हीवर विंडोजचा अपडेट गोल फिरतोय. माऊस शोधायला सोफा सरकवावा लागला. तुमच्या वहिनींचं म्हणणं मला पटतं. दिवसभर काम करून आलेल्या माणसाला हॉलमध्ये आणखी एक मशीन सांभाळायला लावू नये.

कोपरीचा

दोघांनाही एक सांगतो. जागेसाठी इतकी ओढाताण कशाला? तेच प्रोसेसर, तेच कार्ड मोठ्या कॅबिनेटमध्ये बसवलं तर स्वस्त पडतं. मिनी-आयटीएक्स बोर्ड आणि एसएफएक्स सप्लाय दोन्ही लहान आकाराचे पैसे घेतात. शिवाय त्या बोर्डावर रॅमच्या दोनच पट्ट्या बसतात. टॉवर सोफ्याच्या कोपऱ्यात उभा करा, लांब एचडीएमआय केबल टाका, विषय संपला.

घोडबंदरकर

@कोपरीचा, भावाचा हॉल १० बाय १६ आहे. सोफ्याच्या कोपऱ्यात आधीच शू-रॅक आणि सायकल आहे. हॉलमध्ये उभा टॉवर आला की तो पहिल्या महिन्यात बेडरूममध्ये जातो, हे मी दोन घरांत पाहिलंय.

@ताई, टीव्ही आपोआप चालू होण्याचा मुद्दा खरा आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण खर्चात गेम धरले नाहीत तुम्ही. पीएस ५ चा मोठा नवा गेम पाच हजारांच्या आसपास येतो आणि बहुतेक गेम मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचे तर वर्गणी वेगळी. पीसीवर ऑनलाइनला वर्गणी नाही आणि २०१२ साली घेतलेले माझे गेम आजही त्याच खात्यात आहेत, मधे तीन मशीनं बदलली तरी. आणि पुतण्या पुढे कोडिंग, व्हिडिओ एडिटिंग जे काही करेल ते याच डब्यावर. कन्सोल घेतला तर वर्षभरात लॅपटॉप घ्यावाच लागेल.

वाशीचा जोडारी

वाशीत अकरा वर्षं पीसी जोडतोय, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या संगणक बाजारात आठवड्यातून एक फेरी असते. घोडबंदरकरांची अट शंभर टक्के मान्य. 'मॉड्युलर' नावाची किती खोकी आली आणि गेली! जानेवारी २०१४ मध्ये लास वेगासच्या सीईएस या तंत्रज्ञान प्रदर्शनात रेझर कंपनीने प्रोजेक्ट क्रिस्टीन नावाचा मॉड्युलर पीसी दाखवला होता. मधे एक उभा कणा, त्याला डबे अडकवायचे, प्रत्येक डबा आतून खनिज तेलाने थंड केलेला. मी त्या फोटोंवर अक्षरशः भाळलो होतो. तो विक्रीला आलाच नाही. इंटेलने २०१७ मध्ये कॉम्प्युट कार्ड (कार्डाएवढा संगणक) आणलं, २०१९ मध्ये गुंडाळलं. एनयूसी हे इंटेलचे छोटे पीसी, त्यातल्या २०२० च्या एनयूसी ९ एक्स्ट्रीममध्ये अख्खा संगणक एका कार्डावर होता, ते उपसून नवं बसवायचं अशी कल्पना. जुलै २०२३ मध्ये इंटेलने एनयूसीतूनच अंग काढलं आणि तो धंदा आसूसकडे गेला. कल्पना एकही वाईट नव्हती. पण खाच एकाच कंपनीची असली की त्या कंपनीचा विचार बदलला त्या दिवशी तुमचा डबा पोरका होतो.

पण 'पैसे वसूल' हे मला मान्य नाही. तुमचा एएम४ (प्रोसेसर बसायच्या जुन्या खाचेचा) बोर्ड नशीबवान निघाला. २०१७ च्या बोर्डावर २०२२ चा प्रोसेसर चालावा, असं दर वेळी होत नाही. आता ती वाट संपली. पुढच्या वेळी बोर्ड, प्रोसेसर आणि नव्या पिढीची डीडीआर५ रॅम तिन्ही एकदम घ्यावे लागतील, आणि रॅमचे भाव २०२५ च्या शेवटी कुठे गेले ते गिऱ्हाइकाला सांगताना मलाच अवघडल्यासारखं झालं. शिवाय ४०६० फक्त ८ लेनचं कार्ड आहे, म्हणजे बोर्डाशी डेटाची ये-जा करायला आठच वाटा. तुमचा बोर्ड पीसीआयई ३ या जुन्या, कमी वेगाच्या जोडणीचा, म्हणजे त्याला मिळायला हवा तेवढा रस्ता मिळत नाही.

आणि आपली हवा! खाडीकडचा दमट वारा, घोडबंदरला बांधकामाची धूळ. मोठ्या टॉवरमध्ये धुळीचा थर बसला तरी वारा कुठून तरी वाट काढतो. १० लिटरच्या डब्यात तशी वाट नाही. बहुतेक रायझन ७००० प्रोसेसरांची तापमानाची मर्यादा ९५ अंश आहे, बंद कप्प्यात मे महिन्याच्या दुपारी ती गाठायला वेळ लागत नाही. मग पंखे किंचाळतात आणि गेम अडखळतो. माझ्याकडे येणाऱ्या छोट्या पीसींपैकी बहुतेकांना दुरुस्ती नको असते, फक्त साफसफाई हवी असते. नंतर भाग बदलून घ्यायला परत आलेले अगदी थोडे.

नेरुळची ताई

काकांनी माझंच म्हणणं सांगितलं. भाग बदलायची सोय असते, बदलतं कोण?

एक विचारते. स्टीम हे पीसी गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वाल्व्हने नोव्हेंबर २०२५ मध्ये नवं स्टीम मशीन जाहीर केलंय, साधारण १६ सेंटिमीटरचा ठोकळा. ते मधला मार्ग नाही का?

वाशीचा जोडारी

मधलाच. रॅम आणि एसएसडी बदलता येतात, प्रोसेसर आणि ग्राफिक्स बोर्डावर पक्के. २०१५ च्या त्यांच्या पहिल्या स्टीम मशीनांना लिनक्सवर गेमच कमी मिळाले, तो घोळ २०१८ च्या प्रोटॉनने (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) बराच निस्तरला. पण त्यांचा हातात धरून खेळायचा स्टीम डेक आपल्याकडे अधिकृतपणे विकायलाच आला नाही. बाहेरून मागवलेल्या मशीनची वॉरंटी घेऊन माझ्याकडे येऊ नका, मी हात टेकतो.

घोडबंदरकर

जोडारी काका, लेनचा मुद्दा मान्य. माझा टीव्ही ६० हर्ट्झचा आहे (सेकंदाला ६० चित्रं), त्यावर तो फरक मला दिसला नाही, पण १२० हर्ट्झवाल्याला दिसेल. पुढच्या वेळी तीन भाग एकदम घ्यावे लागतील हेही खरं. तरी कॅबिनेट, सप्लाय, कार्ड, एसएसडी राहतील. ताईंचा पीएस ५ जुना होईल तेव्हा अख्खाच जुना होईल.

"बदलतं कोण" हे मात्र मनाला लागलं. म्हणून काल पुतण्याला घरी बोलावलं आणि माझा डबा त्याच्या पुढ्यात ठेवला. चार स्क्रू, बाजूची जाळी. जाळीवर धुळीचा करडा थर होता, वाकळीसारखा एकसंध निघाला. त्याने जाळी नळाखाली धुतली, पंख्याचं पातं बोटाने धरून ब्रशने साफ केलं (पातं फिरू द्यायचं नाही हे एकदाच सांगितलं). मग स्वतःहून विचारलं, "काका, रॅम काढून परत लावू?" आधी एकच क्लिप उघडली, मग दुसरी. परत लावताना टक् आवाज आला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

भावाला सांगितलंय, पोरगा दर दोन महिन्यांनी जाळी धुणार असेल तरच पीसी, नाहीतर वहिनी म्हणतात तसा कन्सोल. पोरगा हो म्हणाला. वहिनींनी एक अट घातली, सात ते नऊ टीव्ही त्यांचा. आता फक्त टीव्ही युनिटचा कप्पा मागून बंद आहे, त्याची पाठ कापायला शनिवारी सुतार येतोय. काका, खालच्या बाजूलाही भोकं पाडावी का?

वाशीचा जोडारी

पाठ पूर्ण काढा, भोकांनी भागणार नाही. आणि डब्याच्या वर चार बोटं तरी मोकळी सोडा.