रॅमनं रडवलेले दिवस : तुमचेही अनुभव लिहा

जॉबरचा_पोरगा

काल माळा आवरताना बाबांच्या हत्यारांच्या डब्यात ४ जीबीची एक डीडीआर३ (जुन्या पिढीची) रॅम, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या मेमरीची पट्टी, सापडली. प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर निळ्या पेनानं बाबांच्या अक्षरात ‘खराब. टाकू नये.’ हातात घेऊन तिथंच बसून राहिलो.

२०१३ साली पहिला पीसी स्वतः जोडला. सामान पुण्याच्या तपकीर गल्लीतून घेतलं, संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं सोलापूरला आलो, कॅबिनेट मांडीवर. आठवडाभर झकास चालला, मग निळा स्क्रीन. कधी मेमरी मॅनेजमेंट, कधी पेज फॉल्ट, दर वेळी नाव वेगळं. मी हार्ड डिस्कवर संशय धरला. विंडोज तीनदा टाकली. तिसऱ्या वेळी तर टाकतानाच फाईल खराब म्हणून अडकली.

त्यातच ताईच्या लग्नाचे फोटो. कॅमेऱ्याच्या कार्डावरून उतरवून घेतले आणि कार्ड पुसून परत दिलं. नंतर उघडले तर कितीतरी फोटो डोक्यापासून हनुवटीपर्यंत नीट, खाली नुसता करडा पट्टा. रॅम बिघडली की मशीन बंद पडतं एवढंच नाही, तिच्यातून जाणारी फाईलही बिघडते, आणि स्क्रीनवर कॉपी पूर्ण झाली असंच येतं. हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर कार्ड पुसलं नसतं.

शेवटी पेनड्राइव्हवर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) टाकून रात्रभर लावलं. पहाटे स्क्रीनभर लाल ओळी. बाबा पॉवरलूमवर जॉबर (माग दुरुस्त करणारे) होते, रात्रपाळी करून आले, चष्मा लावून बघत उभे राहिले. म्हणाले, “हा आकडा बघ, परत परत तोच येतोय. कापडात एकाच जागी उभी रेघ पडायला लागली तर बाण्याचं सूत बदलून काय उपयोग? फणी बघायची. एकेक काढून बघ.” एक काढली, दुसरी एकटी ठेवली : शून्य. मग पहिली एकटी, दोन्ही स्लॉटमध्ये आळीपाळीनं : दोन्हीकडं लाल. संपलं. बाबांनी संगणकाला हात लावलेला नव्हता आयुष्यात.

बाबा आता नाहीत. तुमच्याकडं काय काय झालं ते लिहा.

शेंगाचटणी

वाचून गलबललं दादा. काका भारीच होते.

माझं : कॅबिनेटमधनं टूंऽऽ टूंऽऽ टूंऽऽ, स्क्रीन काळा. आजी म्हणाली, बाहेर गाडी मागं घ्यालेत का बघ. रॅम काढली, पट्टीवरच्या सोनेरी दातांवरनं पांढरा खोडरबर हलक्या हातानं फिरवला, कोरड्या फडक्यानं पुसली, खटक् आवाज येईपर्यंत दाबली. चालू. कुकर झालाय, येते.

साखरपेठ_४१३

खोडरबर बरोबर, पण रॅम बाहेर काढून, लांब धरून घासा. कण स्लॉटमध्ये पडले तर नवीन दुखणं. आमच्या घराच्या तळमजल्यावर माग आहेत, टॉवेलचे. कॅबिनेट उघडलं की आत कापसाचा थर, फॅनची पाती दिसत नाहीत. दर दोन महिन्यांनी ब्लोअर मारतो. मागाचाच ब्लोअर.

परगावी_पुणेकर

टॉवेलवाले दादा, घाऊक देता का? बहिणीच्या लग्नात आहेराला हवेत, साधारण ६० नग.

साखरपेठ_४१३

देतो की. मेसेज करा.

मे_महिना

माझा अनुभव वेगळा आहे, जरा सविस्तर लिहितो कारण दीड महिना गेला यात. डीडीआर४ च्या चार पट्ट्या, दोन आधीच्या, दोन नंतर घेतलेल्या, कंपनी तीच, वेग तोच ३२००. रात्री मेमटेस्ट लावला की स्वच्छ. दुपारी गेम लावला की धाडकन डेस्कटॉपवर. सोलापूरचा मे, पारा ४३-४४, वरच्या मजल्यावर पत्र्याची खोली. माझ्या डोक्यात यायला वेळ लागला की मी परीक्षा रात्री घेतोय आणि मशीन नापास दुपारी होतंय. दुपारी दोन वाजता मेमटेस्ट लावला, वीस मिनिटांत एरर.

रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका इवल्याशा कपॅसिटरमधला विद्युतभार, तो सतत गळत असतो, म्हणून दर ६४ मिलिसेकंदांत सगळा पुन्हा भरला जातो. उष्णता वाढली की गळती वाढते. त्यात मी बायॉसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी चालू केलेलं, म्हणजे १.२ व्होल्टच्या जागी १.३५ आणि वेग जास्त. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या पट्ट्यांवर कंपनी तीच असली तरी आतल्या चिप वेगळ्या असू शकतात. एक्सएमपी बंद केलं, २६६६ वर ठेवलं, कॅबिनेटला मागं एक फॅन. तेव्हापासून एकही एरर नाही. रॅम खराब नव्हतीच. ती फेकली असती तर वाईट वाटलं असतं.

लेखनिक_ताई

मी हिशेबाची कामं घरून करते. मार्च एंड, आणि १६ पैकी ८ जीबीच दिसायला लागली. रॅम बदलली, तेच. स्लॉट बदलला, तेच. भाच्यानं प्रोसेसर काढून बघितलं तर सॉकेटमधली एक पिन वाकलेली, केसाएवढी. पिना मदरबोर्डवर असलेला प्रकार होता. मोबाईलचा टॉर्च लावून, सुईच्या टोकानं त्यानं ती सरळ केली, मी श्वास धरून शेजारी. मेमरीचा कंट्रोलर हल्ली प्रोसेसरमध्येच असतो, त्यामुळं तिथली पिन गेली की अख्खं चॅनेल, म्हणजे रॅमकडं जाणारी एक वाट, जातं म्हणे. त्या रात्री साडेबाराला सोळाच्या सोळा दिसल्या आणि मला रडू आलं.

शेंगाचटणी

ताई 🙏 भाच्याला कडक भाकरी आणि चटणी माझ्याकडनं.

जुळे_सोलापूर

एक विचारू? नवीन डीडीआर५ जोडलाय. चालू केलं की पंखे फिरतात, स्क्रीन काळाच. तीनदा बंद करून चालू केलं.

मे_महिना

बंद करू नका! डीडीआर५ पहिल्यांदा मेमरी ट्रेनिंग करते, म्हणजे बोर्ड रॅमशी वेळ जुळवून घेतो, काही मिनिटं काळा स्क्रीन राहू शकतो. १५ मिनिटं हात लावू नका. आणि दोनच पट्ट्या असतील तर प्रोसेसरकडनं मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये आहेत का बघा, बहुतेक बोर्डांवर तसंच असतं. मॅन्युअलमध्ये चित्र असेल.

जुळे_सोलापूर

पहिल्या-दुसऱ्यात होत्या. बदलल्या. थांबतो.

जुना_गिऱ्हाईक

४ जीबी टाकून ३.२५ च दिसते म्हणून मी दुकानात भांडून आलो होतो २०१० ला. ३२ बिटची विंडोज होती, ती ४ जीबी पूर्ण वापरूच शकत नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली, त्यांनी चहा पाजला.

परगावी_पुणेकर

गड्ड्याच्या यात्रेला येतोय यंदा जानेवारीत. नंदीध्वज बघून बरीच वर्षं झाली.

जुळे_सोलापूर

आला!!! बायॉस आला! सहा-सात मिनिटं लागली. ३२ जीबी दिसतेय. दादा, देव भलं करो. आता मेमटेस्ट किती वेळ लावू?

जॉबरचा_पोरगा

रात्रभर लाव, निदान चार पास (पूर्ण फेऱ्या). एक जरी एरर आली तर एक पट्टी काढून एकेकटीची घे. आणि ते होईपर्यंत महत्त्वाचं काही कॉपी करू नको, कार्ड तर मुळीच पुसू नको.

ताईच्या फोटोंचं कोणीतरी मेसेजमध्ये विचारलं. मामेभावाकडच्या कॅमेऱ्यात बरेच सापडले. अकरा राहिले तसेच. त्यातल्या एकात बाबांचा फेटा आणि डोळे दिसतात, ताईच्या डोक्यावर ठेवलेला हात करड्या पट्ट्यात गेलाय. तो मी पुसत नाही.

जुळे_सोलापूर

लावलाय. लाईट जाऊ नये एवढंच.

जुळे_सोलापूर

सकाळचे ६:१०. तिसरा पास चालू. शून्य.